काडीसाहेबांनी लिहिलेला दर्जा

आमच्या मामानं उभ्या आयुष्यात कशालाही चांगलं म्हटलं नाही. आईनं पुरणपोळी करावी, वर तुपाची धार सोडावी, आणि मामानं पहिला घास खाऊन भिंतीकडे बघत म्हणावं, "चालेल." आंबा चालेल, सिनेमा चालेल, शेजाऱ्यांची नवी सून चालेल. मी बी.एड.ला कॉलेजात पहिली आले, तेव्हा त्यानं गुणपत्रिका उजेडाकडे धरून आधी शिक्का तपासला आणि मग म्हणाला, "बरं आहे. मराठीत थोडे कमी आहेत." त्या दिवशी मी ठरवून टाकलं, की हा माणूस दगड आहे आणि दगडाला नमस्कार फक्त देवळात करायचा.

मामा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, आवारात आली की मामा तिच्यावर चढायचा. कापसात कोपरापर्यंत हात खुपसून आतला पुंजका काढायचा, रंग बघायचा, मुठीत दाबून ओल बघायचा, दोन अंगठ्यांत धागा ओढून लांबी बघायचा आणि चिठ्ठीवर दर्जा लिहायचा: पहिला, दुसरा किंवा तिसरा. दर्जा उतरला की भाव उतरला. आणि पुंजक्यातून मामा काडी काढायचाच. वाळक्या पानाचा तुकडा म्हणा, बोंडाचं टरफल म्हणा, काहीही. ती चिमटीत धरून सगळ्या रांगेला दिसेल अशी वर करायचा आणि पुस्तकी मराठीत विचारायचा, "हे काय आहे?" शेतकरी बिचारा काय सांगणार? दोन-दोन दिवस रांगेत ताटकळलेला, बैलांचा चारा संपत आलेला. मान खाली घालून चिठ्ठी घ्यायचा. त्याचं नाव 'काडीसाहेब' त्या रांगेनंच ठेवलं होतं. मामाला ते माहीत होतं, आणि माझा अंदाज, आवडतही होतं.

मी चार वर्षांची असताना वडील गेले आणि आई मला घेऊन कळंबला आपल्या या थोरल्या भावाकडे आली. त्यानं आम्हाला ठेवून घेतलं, मला शिकवलं, हे मी नाकारत नाही. पण जेवताना समोर सतत एक परीक्षक बसलेला असला की अन्न अंगी लागत नाही. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. झालं नव्हतं म्हणजे त्यानं होऊ दिलं नव्हतं. आई ती यादी मोठ्या चवीनं सांगायची. पहिली मुलगी मोठ्यानं हसली. दुसरी हसलीच नाही. तिसरीनं पोह्यात शेंगदाणे फार घातले होते. चौथी सगळ्या बाजूंनी बरी होती, तर मामा म्हणाला, "इतकी बरी मुलगी अजून घरात कशी राहिली? काहीतरी असेल." एकदा वरच्या ऑफिसनं त्याला मोठ्या शहरात प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं. परत आल्यावर बढती नक्की होती. मामानं तिथल्या पाण्यात दोष काढला. गेला नव्हता, पाणी प्यायला नव्हता, पण दोष काढला!

लोक म्हणायचे, माणूस फार चोखंदळ. चोखंदळ कसला, डोंबल! भित्रा होता. हो म्हटलं की पुढचं सगळं निस्तरावं लागतं. नाही म्हटलं की माणूस मोकळा, वर शहाणाही ठरतो. हे मला विसाव्या वर्षीच कळलं होतं आणि तेव्हापासून मी मामाकडे तो कापसाकडे बघायचा तसंच बघायला लागले होते.

मी सांगते ती वर्षं आमच्याकडे फार वाईट होती. पेपर उघडला की शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत आपल्याच जिल्ह्यातल्या कुठल्यातरी गावाचं नाव दिसायचं आणि उघडायची भीती वाटायची. गाड्या भरभरून माणसं यायची, फोटो काढायची, फॉर्म भरायची, जायची. त्या हंगामात नलूबाई पहिल्यांदा आपला कापूस घेऊन केंद्रावर आली. बाभुळगावकडच्या एका खेड्यातली, चाळिशी ओलांडलेली, मूलबाळ नसलेली विधवा. आठ एकर वावर तिच्या स्वतःच्या नावावर होतं आणि बंडी ती स्वतः हाकायची. नवऱ्याविषयी कुणी विचारलं की म्हणायची, "पेपरवाले येते, वही काहाडते, विचारते, मालक कसे गेले? मी म्हन्लं, मोटर चालू कराले गेलते, करंट लागला. तं लेकाचे वही मिटून चालले जाते! जसा काही माह्या मानसानं मरन्यातबी कमीपना केला."

माझी शाळा सकाळची असायची, म्हणून दुपारी मामाचा डबा मी न्यायचे. त्यामुळे ती पहिली चकमक मी डोळ्यांनी बघितली. मामा तिच्या बंडीवर चढला, हात खुपसला, काडी काढली, वर धरली. "हे काय आहे?"

"काडी हाय," नलूबाई म्हणाली. "झाडाले आलेला कापूस हाय साहेब, मी काही मिलातून नाही आनला. काडी तं निंगनच. तुमच्या डोक्यातला कोंडा काहाडून दाखवू का सगळ्याइले?"

अख्खी रांग हसली. पार मागच्या बंडीवरचा माणूस खाली उतरून विचारायला लागला, काय झालं, काय झालं. मामाचा चेहरा लाल झाला. त्यानं 'दुसरा' लिहून चिठ्ठी तिच्या हातात जवळजवळ फेकली. घरी आल्यावर मात्र एक नवल घडलं. जो माणूस ऑफिसातलं अक्षर घरात बोलायचा नाही, त्यानं ती हकीकत जेवताना दोनदा सांगितली. "काय बाई आहे! काय तोंड आहे!" आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. रविवारी मामानं शिकेकाई मागून घेतली.

पुढे संकष्टीला आई चिंतामणीच्या देवळात गेली होती, तिथे तिला नलूबाई भेटली. आमची आई म्हणजे कुणालाही घरी आणणारी. मामा संध्याकाळी घरी आला तर ही बाई त्याच्या खुर्चीवर बसलेली! मला वाटलं, आता भडकणार. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. चहा नलूबाईनंच केला होता. मामानं घोट घेतला आणि सवयीनं म्हणाला, "चालेल."

"चालन म्हंजे? बैल हाय का चालाले? गोड झाला का नाही, तेवढं सांगा."

मामा कपाकडे बघतोय, भिंतीकडे बघतोय. बावन्न वर्षांचा बाप्या, आणि एका कप चहाला हो म्हणायची हिंमत नाही! मला तर हसू आवरेना. शेवटी म्हणाला, "झाला." नलूबाईनं मान डोलावली, जणू पोरानं बे एके बे नीट म्हटलं.

मग ती दर संकष्टीला यायला लागली. देवदर्शन, आमच्याकडे चहा, आणि दिवस मावळायच्या आत परत. मामा त्या दिवशी लवकर घरी यायचा आणि योगायोगानं आल्यासारखं दाखवायचा. बोलायला त्याच्याकडे एकच विषय, कापूस. पण त्या विषयावर तो असा बोलायचा, की मी पुस्तकावरून मान वर करायचे. दंव वाळल्याशिवाय वेचू नका. कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेगळ्या झोळीत टाका. खताच्या चुंगडीत, म्हणजे पोत्यात, भरू नका, चुंगडीचा प्लास्टिकचा धागा कापसात जातो आणि सूत बिघडतं, त्यापेक्षा जुनी लुगडी शिवून झोळ्या करा. नलूबाई मन लावून ऐकायची. आतापर्यंत मामाचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

मार्गशीर्षात एकदा ती मामा यायच्या आधीच आली आणि आईला म्हणाली, "ताई, तुमच्या भावाले विचारून पाहा, माह्यासंगं लगन करते का. मी काही सोळा वर्साची नाही लाजाले. दोन खोल्या हायेत, आठ एकर हाय, अन् बोलाले कोनी नाही." एवढं बोलून ती चहाही न घेता निघून गेली.

आईनं मामाला विचारलं. मी दाराआड उभी होते. मामानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बघू. हंगाम संपू दे."

"दादा, अरे बावन्न वर्षं झाली," आई म्हणाली. "अजून कोणत्या हंगामाची वाट पाहून राहिला तू?"

"बघू म्हटलं ना."

बघू! एक बाई सगळी लाज बाजूला ठेवून तुझं आयुष्य मागते आणि तू म्हणतोस बघू. मला त्या क्षणी त्याची किळस आली, खोटं कशाला सांगू.

हे उत्तर नलूबाईपर्यंत पोचलं. ती रागावली नाही. तिनं काय केलं, तर दुसऱ्या वेचणीचा कापूस मामानं सांगितलं होतं अगदी तसा वेचला. वेचणाऱ्या बायांना उन्हं वर येईपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवून ठेवलं, लुगड्यांच्या झोळ्या शिवल्या, कवडी निवडली. आणि तो कापूस बंडीत भरून, वर धुतलेलं धोतर अंथरून केंद्रावर आणला. मी डबा घेऊन पोचले, तेव्हा तिचा नंबर लागत होता. कापूस असा होता, की मला, जिला सरकी आणि साबुदाणा यांतलं अंतर उशिरा कळलं, मलाही कळावं. त्यात काडी नव्हती. मामानं हात घातला, पुंजका काढला, धागा ओढला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याच्या चेहऱ्यावर कधीच बघितलं नव्हतं. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आता का पाहा लागते? घरचाच माल हाय!"

हसण्याची एक लाट आली. मामानं पेन्सिल काढली आणि लिहिलं, 'दुसरा'.

मला वाटलं, नलूबाई आता तोंड सोडणार. तिनं चिठ्ठी बघितली, मामाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "साहेब, खरंच दुसरा हाय?"

"मी लिहिलं ते लिहिलं."

"मंग ठीक हाय." तिनं बंडी वजनकाट्याकडे नेली. कापूस गंजीवर उतरवला आणि वळून न बघता निघून गेली. पुढच्या संकष्टीला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आईनं मामाला असं फैलावर घेतलं, की शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. मामाचं एकच पालुपद, "लोक काय म्हणाले असते? वशिला केला म्हणाले असते. पंचवीस वर्षांत माझ्यावर डाग नाही." असं म्हणताना त्याला वाटत होतं, की आपण फार मोठा त्याग केला! डाग पडू नये म्हणून ह्या भैताडानं, जिनं त्याच्यावर विश्वास टाकला तिचंच सोनं पितळ म्हणून लिहून दिलं. लाचखाऊ ग्रेडर मी समजू शकते. पण स्वतःच्या घाबरटपणाला इमानदारीची टोपी घालून मिरवणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

दोन महिन्यांत मामाची रया गेली. जेवण निम्म्यावर आलं. एक दिवस मला म्हणाला, "तू जरा नलूबाईकडे जाऊन ये. सांग, मामाची चूक झाली." स्वतः जायची छाती नाही, म्हणून भाचीला पुढे करतोय! मी हे त्याच्या तोंडावर बोलले, आणि तरी गेले. एस.टी.नं, मग पायी. नलूबाई अंगणात तुरी पाखडत होती. मी निरोप सांगितला. तिनं सूप खाली ठेवलं.

"मले एकटीले कायले सांगता, बाई? दर्जा त्याइनं चारचौघांत लिवला. खोडायचा तं चारचौघांतच खोडा म्हना. मंग पाहू."

हा निरोप मी मामाला शब्दशः दिला, जरा मजा घेतच. चुकीचा दर्जा लिहिला असं ग्रेडरनं स्वतः कबूल करणं म्हणजे नोकरीवर पाणी. हे त्यालाही कळत होतं, मलाही. मला खात्री होती, की हा माणूस काही करणार नाही. मी आईशी पैजही लावायला तयार होते.

पंधरा दिवसांनी मी डबा घेऊन गेले, तर रांग फाटकाबाहेर गेलेली आणि मध्यावर नलूबाईची बंडी. हंगामाची शेवटची वेचणी, फरदड म्हणतात ती, तिनं आणली होती. तिचा नंबर आला. मामा बंडीवर चढला, पण कापसात हात घातला नाही. तसाच उभा राहिला. मग त्यानं घसा खाकरला आणि, पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली, मोठ्यानं म्हणाला:

"ऐका हो सारेजण. मांगच्या खेपेले या बाईचा कापूस पहिल्या दर्जाचा होता. असा कापूस मी लय वर्सांत नाही पाह्यला. तुमी हासले, मी भेलो, अन् दुसरा लिवला. खोटा लिवला."

माझ्या हातातला डबा मी दोन्ही हातांनी धरला. आणि मग मागच्या बंडीवरून एक म्हातारा, डोक्याला पंचा गुंडाळलेला, शांतपणे म्हणाला, "अन् आमचा, साहेब?"

मामानं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उतरून पळतो.

"तुमचाबी," तो म्हणाला. "साऱ्याइचा नाही. पन लय जनांचा. मी पहिला लिवला अन् वरचा साहेब येऊन खोटा म्हन्ला तं, याचं भेव वाटे मले. म्हनून काडी पाहो."

मग जे व्हायचं ते झालं. कुणी आईमाईवरून शिव्या दिल्या, कुणी ढेकूळ मारलं, ते त्याच्या खांद्याला लागलं. मी रडत होते आणि मला वाटत होतं, मारा, अजून मारा. दोन्ही एकदम वाटत होतं. नलूबाई बंडीच्या दांड्यावर चढून उभी राहिली. "शिव्या द्या, त्या त्याइच्या हक्काच्या हायेत! मी नाही अडवत. पन दगड-ढेकूळ नाही. मानूस आज पहिल्यांदा खरं बोलून राह्यला, बोलू द्या पुरं."

पुरं बोलून झालंच होतं. मामानं वाकून तिच्या कापसात हात घातला, पुंजका काढला, धागा ओढला, बराच वेळ बघितला. फरदडीचा कापूस, आखूड आणि कवडीनं भरलेला. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं आणि तिला दिली. नलूबाईनं वाचली, 'तिसरा', आणि खळखळून हसली.

"आता बराबर हाय," ती म्हणाली.

मामा निलंबित झाला, चौकशी लागली. चौकशीची वाट न बघता त्यानं राजीनामा दिला. जिल्ह्याच्या गावी रजिस्टर लग्न झालं. मी गेले नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बायकोच्या घरी नांदायला जाणारा मामा मला मैत्रिणींना दाखवायचा नव्हता. रांगेतला तो पंचावाला म्हातारा तर मामाशी शेवटपर्यंत बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मामा मात्र वेचणीच्या दिवसांत गावोगाव पायी फिरायचा. कुणाच्याही घरी जाऊन कापूस बघायचा, खरा दर्जा सांगायचा, आणि म्हणायचा, आता केंद्रावर याच्याखाली घेऊ नका, भांडा. नवे ग्रेडर त्याच्या नावानं बोटं मोडायचे. अशी नऊ वर्षं तो राहिला, आणि एका पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांची शिंगं रंगवता रंगवता बसल्या जागी गेला.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांच्या लग्नानंतर दोनेक वर्षांनी मला ढाणकीचं एक स्थळ आलं. शाळेत गणित शिकवणारा मुलगा. तोवर मी पाच मुलं नाकारली होती आणि प्रत्येकाचं कारण मी मैत्रिणींना रंगवून सांगायचे. मामा नलूमामीला घेऊन आला होता. पोहे झाले, इकडचं तिकडचं झालं, आणि मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे मामाकडे वळून विचारलं, "मंग, मामासाहेब, तुमाले कसा वाटला आमचा पोरगा?"

मी मनात म्हटलं, आता हा सांगेल काहीतरी खोट आणि सुटका होईल.

"मले नका विचारू," मामा म्हणाला. "लगन तिचं हाय. तिले विचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि तेव्हा मला समजलं, की मघापासून मी त्या मुलाच्या शर्टाची उसवलेली शिवण शोधून ठेवली होती, आणि तेवढीच बघत होते. त्याचा चेहरा मी बघितलाच नव्हता. मी वर बघितलं. तोही घाबरलेला होता, माझ्याइतकाच. मामा समोर बसून माझ्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. ज्याला मी इतकी वर्षं भेकड म्हणत आले, त्यानं हे एकदा, शिव्या खात, सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं. मला चार माणसांच्या बैठकीत एक शब्द बोलायचा होता.

मी हो म्हणाले. घाबरतच म्हणाले.